चित्रकथांचा छंद आणि आपली लिपी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने एखादा भारदस्त विषय निवडावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज चित्रकथांच्या छंदाविषयी बोलणार आहे. वडीलधाऱ्यांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु नोकरीधंद्यानिमित्त गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांपुढे जो एक प्रश्न उभा आहे, त्याचे उत्तर मला या छंदात दिसते. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा आहे. आपली मुले घरात मराठी बोलतात, परंतु वाचत नाहीत. तमिळनाडूच्या सरकारी शाळांतून १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषांचे धोरण आहे. दिल्लीला वा इंदूरला गेलेल्या मराठी मुलाला हिंदीच्या निमित्ताने देवनागरी शाळेतच भेटते. येथे राज्याच्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्या आपल्या मुलाला ती भेटत नाही. त्यात त्या शाळेचा दोष नाही. ज्या प्रांताचे अन्न आपण खातो, त्याची भाषा मुलांनी शिकलीच पाहिजे. पण गावाकडून आजीने लिहिलेले चार ओळींचे पत्र नातवाला आईकडून वाचून घ्यावे लागते, ही गोष्ट मनाला लागते. कानाने आलेली भाषा एक पिढी टिकते. डोळ्यांनी आली नाही, तर पुढच्या पिढीत ती सणावारापुरती उरते.

अशा मुलाच्या हाती प्रथमच जाडजूड पुस्तक देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला भर विहिरीत उतरवणे होय. चित्रकथेचे तसे नाही. तेथे एका चौकटीत आठ-दहा शब्द असतात, आणि चित्राने अर्थ आधीच अर्धा सांगितलेला असतो. न कळलेले अक्षर मूल अंदाजाने ओलांडते, पुढच्या चौकटीत तेच अक्षर पुन्हा भेटते, आणि गोष्टीच्या ओढीने ते ओळखीचे होऊन जाते.

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मराठी मुलांच्या वाचनाचे या भूमीशी जुने नाते आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना उभारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथून इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. पुढे जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासमध्ये मुलांचे एक मासिक सुरू केले. तेलुगूत ते ‘चंदामामा’, तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’, आणि १९५२ पासून मराठीत आपला ‘चांदोबा’. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोहोचणारा हा चांदोबा मद्रासच्या वडपळनीत तयार होत असे. त्यातील विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ ज्यांच्या कुंचल्यातून उतरला, ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन्, तमिळ होते. २०२० साली ते निवर्तले. मासिकही आता बंद झाले आहे. परंतु तमिळ हातांनी काढलेल्या चित्रांवर मराठी मुले वाचायला शिकली, ही गोष्ट आपण अभिमानाने आणि कृतज्ञतेने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता चित्रकथांच्या शौकिनाकडे वळू. तो नुसता वाचक नसतो. तो अंक जमवतो, क्रमांक लावतो, याद्या करतो, एकाच्या बदल्यात दुसरा अंक मिळवतो. १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे सुटे अंक, किंवा अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’चे जुने अंक शोधण्यात त्याच्या कित्येक सुट्ट्या गेलेल्या असतात. मद्रासमध्ये अशा मंडळींचे तीर्थक्षेत्र होते मूर मार्केट. सेंट्रल स्थानकाशेजारची ती जुन्या पुस्तकांची बाजारपेठ १९८५ मध्ये आगीत भस्मसात झाली. आपण ज्या स्थानकातून गुम्मिडिपूंडीची लोकल पकडतो, ते त्याच जागेवर उभे आहे आणि अजून मूर मार्केटचेच नाव सांगते.

या शौकिनाचे इतर छंदही त्याच वळणाचे असतात. पावसाळी दुपारी पुस्तकाचे पान उघडून खेळले जाणारे क्रिकेट आपल्याला आठवत असेल. पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आले की खेळाडू बाद. कागदावर दोन काल्पनिक संघ निवडायचे, धावफलक लिहायचा, सरासरी काढायची. असे काल्पनिक संघ पुढे फोनवर पैसे लावून खेळवले जाऊ लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून त्या पैशांच्या खेळाला बंदी घालावी लागली. वहीतल्या संघाला मात्र पेन्सिलीपलीकडे खर्च नव्हता. त्या वहीने मुलांना नोंद ठेवण्याची शिस्त लावली, आणि संपादकाचे निम्मे काम नोंद ठेवण्याचेच असते.

या छंदाची पुढची पायरी म्हणजे स्वतःचा संग्रह काढणे. मोठ्या प्रकाशकाची वाट न पाहता चार मित्रांनी आपापल्या चित्रकथा एकत्र बांधायच्या, ही रीत जगभर रूढ आहे. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘ऑब्लिटररी जर्नल’ या नावाने असा चित्रकथासंग्रह काढला. शिवकाशीहून १९८४ पासून निघणारी तमिळ ‘लायन कॉमिक्स’ ही वाचकांच्या आगाऊ वर्गणीच्या बळावर विशेषांक काढत आली आहे. छोट्या प्रकाशनांचे काम केवळ करमणुकीचे असते, असेही कोणी समजू नये. ‘नवयान’ने २०११ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ आणि जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली चित्रकादंबरी, अशी दोन पुस्तके इंग्रजीत काढली. दोन्हींच्या लेखनात श्रीविद्या नटराजन यांचा हात आहे. आपल्या महापुरुषांचे विचार चित्रांतून जगापुढे नेण्यास दक्षिणेकडील नावाची लेखिका पुढे येते; मग आपण स्वस्थ का बसावे?

आणि मित्रहो, ही रीत आपल्याला नवी नाही. तिला आपण हस्तलिखित म्हणत आलो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणूस जेथे गेला, तेथे तो अंक वाचत आणि जमल्यास काढत राहिला. तेव्हा माझी सूचना एवढीच: सुवर्णमहोत्सवाच्या खर्चातून थोडा कागद बाजूला काढावा आणि दर दिवाळीला मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रकथांचे हस्तलिखित सिद्ध करावे.

त्याची कृतीही सोपी आहे. एका मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की आठ भाग पडतात. मधोमध एक छेद देऊन तो दुमडला की शिवणीवाचून आठ पानांची पुस्तिका होते. पुस्तिकेच्या चौकटीत अक्षरे आधी लिहावीत, फुगा नंतर काढावा; उलट केल्यास शब्द दाटीवाटीने चिरडतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. चित्र काढण्यास संकोचणाऱ्या मुलाने संवाद लिहावेत. आजी-आजोबांनी गोष्ट सांगावी, पण शुद्धलेखन तपासण्याची घाई करू नये. कथानायक मराठीच असावा, असाही आग्रह नको. गुम्मिडिपूंडीच्या लोकलमध्ये सुंडल विकणारा मुलगा मराठी फुग्यात बोलू लागला, तर तो आपलाच.

संस्था पन्नास वर्षे टिकते ती कार्यकर्त्यांच्या चिकाटीने. पुढची पन्नास वर्षे तिचे इतिवृत्त मराठीत लिहिणारे हात कोठून येणार, याचा विचार आजच करायला हवा. आज फुग्यात आठ शब्द लिहिणारे मूल उद्या ते इतिवृत्त लिहील, असा मला विश्वास वाटतो.