नव्या गाडीचा आवाज आणि हमीचा कागद



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा मोटारगाडी जन्माला यायची होती. त्या परंपरेतल्या एका व्यासपीठावरून आज आम्ही गिअरबॉक्सवर बोलणार, हे वाचून काही मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. काल येथे संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या शेतीच्या पाण्यावर आहे. मध्ये हे दातेरी चाक कोठून आले? आमचे उत्तर साधे आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण भोसरीच्या एका वर्कशॉपात, हॉबिंग मशिनपुढे उभे राहून झाले. अकरा वर्षे आम्ही चाकांचे दाते कापले आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे ते कापणाऱ्यांच्या संघटनेत घालविली. तेव्हा जे आम्हांला ठाऊक आहे तेच बोलावे, हे बरे.

आमच्या चालक संघटनेतील एका सभासदाची ही हकिकत. गृहस्थ वीस वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवीत होते. शेवटी घरातले मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने पतपेढीत ठेवले, बँकेचे कर्ज काढले आणि स्वतःची नवी गाडी घेतली. गाडीला हार घातला, पेढे वाटले. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. यांची तेवढीही टिकली नाही. आठव्या दिवशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टिकटिक करू लागली. शोरूमच्या सर्व्हिस स्टेशनात गेले, तर तेथील साहेब म्हणाले, "नवी गाडी आहे, चालवा, सेट होईल." पुन्हा गेले, "या मॉडेलला एवढा आवाज असतोच." तिसऱ्यांदा गेले, ऑइल बदलून, गाडी धुऊन, अत्तर मारून परत दिली. आवाज होता तेथेच होता. प्रत्येक खेपेस एक दिवसाचे भाडे बुडाले. हप्ता मात्र एकही दिवस थांबला नाही.

मग ते आमच्याकडे आले. म्हणाले, "अण्णा, मला वेड्यात काढतात हो. प्रवासीसुद्धा विचारतात, काय वाजतंय म्हणून."

आम्ही प्रथम त्यांचे कागद पाहिले, आणि तेथेच खरा घोटाळा सापडला. तिन्ही जॉबकार्डांवर 'सर्वसाधारण तपासणी' एवढेच लिहिलेले. आवाजाचा शब्दही नाही. म्हणजे कागदाच्या दृष्टीने या गाडीने कधी तक्रार केलीच नव्हती! उद्या हमीची मुदत संपली असती आणि आमचे मित्र भांडायला गेले असते, तर त्यांच्याच सहीचे तीन कागद त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले असते.

श्रोतेहो, गिअरबॉक्स उगीच बोलत नाही. त्याची भाषा थोडी समजून घ्यावी लागते. पुढे जाण्याच्या गिअरांचे दाते बहुधा तिरपे कापलेले असतात. एक दाता सुटण्यापूर्वी दुसरा हळूच पकड घेतो, म्हणून ती चाके शांत चालतात. रिव्हर्सचे दाते बऱ्याच गाड्यांत सरळ असतात. त्यामुळे मागे जाताना गाडी थोडी किंचाळली तर तो दोष नव्हे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, अशा स्थितीत घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते. तर संशय गिअरबॉक्सच्या आतील चाकांवर व शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे बेअरिंग पाहावे. गिअर कोणताही असो, आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर कमीजास्त होतो. तर बहुधा चाकाचे बेअरिंग बोलत असते. आणि आवाज एकाच गिअरमध्ये येतो, बाकीच्यांत येत नाही. तर दोष त्या एका जोडीत शोधावा. एवढे ज्ञान मिळवायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. कान आणि थोडी चिकाटी पुरे.

चौथ्या खेपेस आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. भांडलो नाही. एवढेच म्हटले, "फोरमनसाहेबांनी गाडीत बसावे, चालवतील आमचे मित्र, आणि ऐकू आपण सगळे." रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाला टिकटिक स्पष्ट आली, वेग वाढवला की ती जलद होई, चौथा गिअर टाकला की नाहीशी होई. फोरमन जुना माणूस, प्रामाणिक माणूस. त्याने मान हलविली. परत आल्यावर आम्ही जॉबकार्डावर आमच्या शब्दांत लिहून घेतले: तिसरा गिअर, ताशी चाळीस, टिकटिक, फोरमनसमक्ष ऐकली, तारीख आणि किलोमीटर. त्याची प्रत घेतली. बारा दिवसांनी कंपनीची मंजुरी आली आणि गिअरबॉक्स खोलला. तिसऱ्या गिअरच्या एका दात्यावर ठेच लागलेली होती; नखाएवढीसुद्धा नव्हे. ती जोडी हमीत बदलली, आवाज गेला.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही हे व्याख्यान दिले नसते. ती ठेच पाहिली आणि आमच्याच पोटात गोळा आला. कारण ते दाते ज्या कारखान्यात कापले जातात, तेथे आमचीच संघटना आहे. अशी ठेच कापताना पडत नाही. कापलेली चाके एकमेकांवर आपटली की पडते. म्हणजे ज्या चालकासाठी आम्ही भांडलो, त्याचे चार दिवस बुडविणारा हात आमच्याच सभासदाचा होता.

गप्प बसणे सोपे होते. आम्ही गेटसभेत ते चाक दाखविले. एक तरुण कामगार तडकून म्हणाला, "अण्णा, तुम्ही आमच्याकडचे की गिऱ्हाइकाकडचे?" प्रश्न वाजवी होता. आम्ही म्हटले, "बाबा रे, हे गिऱ्हाईकही आपल्याच संघटनेचे आहे. हप्त्यावर गाडी घेणारा आणि पीसवर चाक कापणारा, यांत अंतर ते किती?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जुना कामगार उभा राहिला आणि त्याने खरे काय ते सांगितले. पूर्वी चाके खणाखणांच्या ट्रेमधून जात. एकेक चाक आपल्या खणात. ते ट्रे मोडले, नवे आले नाहीत, चाके पेटीत ओतली जाऊ लागली. तासाचे नग वाढले. शेवटी जोडी फिरवून आवाज तपासणारे दोघे होते, तेथे एक उरला.

म्हणजे दोष हाताचा होता, आणि त्या हाताची घाई वरून ठरविलेली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम बोलण्याचे धैर्य कामगार चळवळीस पाहिजे. आम्ही मालकांपुढे पगारवाढीची मागणी नेहमी ठेवतो. त्या खेपेस ट्रेची मागणी ठेवली. ट्रे आले. तपासणारा माणूस अजून एकच आहे. ते भांडण चालू आहे.

आता आपणांसारख्या गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द कायद्याचे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला; त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; वकील लागतोच असे नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाच ते दहा लाखांस २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांस ४०० रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ती 'सेट होईल' ऐकण्यात घालवू नये. टॅक्सीवाल्यास वाटते की आपला धंदा, आपण ग्राहक कसले? तसे नाही. स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहकच आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

मात्र अवास्तव आशा धरू नये. हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन असेल, तर त्याच्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या क्लचच्या प्रकरणात म्हटले आहे. म्हणून गाडी घेताना रंग पाहण्याआधी हमीचा कागद वाचावा; टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीस त्यात निराळ्या अटी असू शकतात. आणि सर्व्हिस स्टेशनात गेल्यावर हातात पाना धरलेल्या मिस्त्रीवर आवाज चढवू नये. तो नोकर माणूस. मंजुरी त्याच्या हातात नसते. आपला राग कागदावर, तारखेसह, नीट अक्षरांत उतरवावा. रागाचा तेवढाच भाग उपयोगी पडतो.

आमचे मित्र आता रोज गाडी चालवितात. परवा स्टेशनावरून आम्हांला घेऊन आले. तिसरा गिअर टाकला आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "ऐका अण्णा." आम्ही कान दिला. काहीच ऐकू आले नाही. छत्तीस वर्षे दातेरी चाकांच्या संगतीत काढलेल्या माणसास याहून गोड काही ऐकावयास मिळेल, असे आम्हांस वाटत नाही.