शिरेतील औषध आणि घरातील शुश्रूषा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून खाट, चाकांची खुर्ची, कुबड्या इत्यादी वस्तू गरजू कुटुंबांना वापरावयास मिळतात. त्यांतच सलाईनचे स्टँडही ठेवावेत, अशी सूचना यंदा काही सभासदांनी केली आहे. सूचनेमागील हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तथापि स्टँड घरी नेला म्हणजे रुग्णालयच घरी आणले, असा समज होऊ नये, एवढ्यासाठी मी चार शब्द बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. जे वाचले आणि जाणत्यांकडून पडताळून घेतले, तेवढेच सांगतो.

हाडातील जंतुसंसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग अशा काही व्याधींत अँटिबायोटिक औषध शिरेतून चार ते सहा आठवडे देण्याचा प्रघात आहे. तितके दिवस रुग्णालयात काढणे म्हणजे खर्चाचा डोंगर, घरच्यांची ओढाताण आणि तेथील चिवट जंतूंशी गाठ पडण्याचे भय. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांना ग्रासणारा आनुवंशिक विकार आहे. तो जडलेल्या रुग्णांना रुग्णालयाबाहेर शिरेतून औषध दिल्याचा अनुभव अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पुढे ही पद्धती अनेक देशांत रूढ झाली. रुग्णाची निवड योग्य असेल आणि देखरेख चोख असेल, तर ती सुरक्षित ठरते, असे आज तज्ज्ञ मानतात.

या वाक्यातील 'तर' हा शब्द मात्र विसरता कामा नये. आपल्याकडे पुष्कळदा बाटली घरी येते आणि देखरेख रुग्णालयातच राहते. ओळखीचा कंपाउंडर सवडीने येतो, औषध सोडतो आणि निघून जातो. रात्री थंडी वाजून ताप भरला तर कोणास विचारावे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

धोके मुख्यतः तीन आहेत. पहिला औषधाचा. काही रुग्णांच्या अंगावर एकाएकी गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ द्यावे लागते. म्हणून नव्या औषधाची पहिली मात्रा रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखतच झाली पाहिजे. चाचणीचे इंजेक्शन निर्विघ्न पार पडले म्हणजे धोका टळला, असेही नव्हे. काही औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात. जेंटामायसिनसारख्या औषधाने ऐकूही कमी येऊ लागते. हे वेळीच कळावे म्हणून सामान्यतः दर आठवड्यास, काही औषधांत त्याहूनही लवकर, रक्त तपासावे लागते.

दुसरा धोका नळीचा. शिरेत ठेवलेली नळी म्हणजे बाहेरून थेट रक्तात जाणारी वाट होय. औषधाला जी वाट मोकळी, तीच जंतूंनाही मोकळी. हात साबणाने न धुता नळीच्या तोंडास स्पर्श करणे, भिजलेली पट्टी तशीच राहू देणे, ही निष्काळजी जिवावर बेतू शकते. नळीच्या जागी लाली, पू वा वेदना, दंडास सूज, हुडहुडी भरणे, लघवी कमी होणे, कानांत आवाज येणे, वारंवार पातळ जुलाब होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तिसरा धोका विलंबाचा. 'सकाळपर्यंत पाहू' या वृत्तीने पुष्कळ नुकसान होते. श्वास लागला वा शुद्ध हरपू लागली, तर फोनाफोनीत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आणखी एक प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे अवश्य विचारावा : 'हेच काम गोळीने होईल काय?' शिरेतून दिलेले औषध तेवढे जालीम, अशी आपली समजूत आहे. ब्रिटनमध्ये हाडासांध्यांच्या संसर्गाच्या १०५४ रुग्णांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात उपचार अयशस्वी ठरले ते शिरेवाटे औषध घेणाऱ्यांत शेकडा १४.६ आणि पोटात औषध घेणाऱ्यांत शेकडा १३.२. नळीमुळे उद्भवलेल्या तक्रारी मात्र पहिल्या गटात शेकडा ९.४, तर दुसऱ्यात केवळ १. अर्थात गोळी कोणास चालेल, याचा निर्णय तज्ज्ञांनीच करावयाचा असतो. आपण परस्पर औषध बदलणे वा थांबविणे सर्वथा वर्ज्य.

तेव्हा माझी विनंती अशी की, मंडळाने स्टँड जरूर ठेवावेत. परंतु डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्यावाचून देऊ नयेत. चिठ्ठीत औषधाचे नाव, मात्रा, शेवटचा दिवस, रक्ततपासणीच्या तारखा आणि रात्रीही उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक असावा. स्टँडबरोबर मंडळाने एक वही द्यावी. तीत घरातील एका जबाबदार व्यक्तीने औषधाची वेळ, ताप आणि नळीची स्थिती रोज लिहावी. वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून रुग्णालयाकडे परत कराव्यात. सफाई कामगाराच्या हातात त्या रुतणे हाही आपलाच अपराध होय.

ही अट काहींना जाचक वाटेल. परंतु चिठ्ठी देण्यास जेथे कोणी तयार नाही, तेथे देखरेख करण्यासही कोणी नाही, हे त्यावरूनच कळेल. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा.