पिल्लं नाही, आई हलवा

आजचा विषय ऐकून काही जण लगेच हेडफोन काढतील, पण दोन मिनिटं थांबा. डब्यात कोळ्याची मादी आहे. काल तिच्या पाठीवर पिल्लांचा ढीग होता, आज ती पिल्लं डबाभर सैरावैरा पळतायत. आता आई आणि पिल्लं वेगळी कशी करायची? कुणी चिरडायला नको, कुणी निसटायला नको आणि घरातल्यांनी झाडू उचलायच्या आत काम व्हायला हवं.

मी बोलतोय वुल्फ स्पायडरबद्दल, म्हणजे लांडगा कोळी. बागेत, शेतात, पार्किंगच्या कडेला रात्री टॉर्च मारला की ज्याचे डोळे चमकतात, तोच. यातले बहुतेक जाळं विणून बसत नाहीत, जमिनीवर पळून शिकार करतात. त्यामुळे पिल्लंही जन्मतःच धावपटू.

वेगळं करायच्या आधी आई काय करते ते समजून घ्या, कारण अर्धं काम तीच करते. मादी अंड्यांची गोल पिशवी मागे, रेशीम निघतं त्या अवयवांना चिकटवून फिरवते. वेळ आली की स्वतःच्या जबड्याने पिशवीची शिवण उसवते. पिल्लं बाहेर येतात आणि तिच्या पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसतात. 1973 साली रोव्हनर, हिगाशी आणि फीलिक्स या तिघांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की मादीच्या पोटावर वरच्या बाजूला टोकाला गाठ असलेले खास केस असतात. पिल्लं ते केस धरून बसतात. म्हणजे लोकलमध्ये वर टांगलेल्या कड्या असतात ना, तसंच.

यातून दोन नियम निघतात. पहिला, अंड्यांची पिशवी आईपासून ओढून काढायची नाही. आईने उसवली नाही तर पिल्लं आतच अडकून मरू शकतात. दुसरा, पाठीवर बसलेली पिल्लं ब्रशने झाडायची नाहीत. ती परत चढायला धावतात, आई बिथरते आणि त्या गोंधळात पाय तुटतात. पाठीवर असताना पिल्लं शिकार करत नाहीत, अंड्यातून सोबत आणलेल्या बलकावर जगतात. तो संपत आला की आपणहून उतरतात. काही जातींत आठवडाभरात, काहींत त्याहून उशिरा.

म्हणून घाई नको. या दिवसांत आईला फक्त पाणी द्या, ओल्या कापसाचा छोटा बोळा पुरतो. वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. पाठ जवळजवळ रिकामी दिसली, कोपऱ्यांत बारीक धागे दिसायला लागले की समजा, वेळ झाली. मग मात्र रेंगाळू नका. पिल्लं भुकेली झाली की एकमेकांना खायला लागतात आणि आईचा संयमही कायमचा नसतो.

आता प्रत्यक्ष काम. लागणारं सामान: पांढरा मोठा टब, दुसरा तयार डबा, पारदर्शक ग्लास, जाड कार्ड, वॉटरकलरचा मऊ ब्रश, मलमलचं कापड आणि रबर बँड.

सगळ्यात आधी पंखा बंद. हे विसरू नका, कारण पिल्लं वाऱ्यावर उडतात. उंच जागी चढायचं, पोट वर करायचं, धागा हवेत सोडायचा आणि निघायचं. डार्विनने 1832 मध्ये 'बीगल' जहाजावर, किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर, दोरखंडांवर असे उडत आलेले छोटे कोळी पाहिले होते. तुमचा हॉल तर त्यांच्यासाठी काहीच नाही.

डबा टबाच्या मधोमध ठेवा. पांढऱ्या रंगावर निसटलेलं पिल्लू लगेच दिसतं. मुंग्यांसाठी आपण परातीत पाणी ठेवतो, ती युक्ती इथे नको. लांडगा कोळ्यांच्या अनेक जाती पाण्याच्या पृष्ठभागावरून आरामात चालतात.

आता मुख्य गोष्ट: पिल्लं पकडायची नाहीत, आई हलवायची. शंभर पळणाऱ्या जिवांच्या मागे लागण्यापेक्षा एक मोठा जीव हलवणं केव्हाही सोपं. ग्लास आडवा करून तिच्या समोर धरा आणि ब्रशने मागच्या पायांना हलका स्पर्श करा. ती पुढे जाते, ग्लासात. कार्ड लावा, दुसऱ्या डब्यात सोडा, मलमल बांधा. ती उसळली तर पाठलाग करू नका. कोळी थोडं पळतात आणि थांबतात. हात स्थिर ठेवून त्या थांबण्याची वाट बघा. आम्ही सॉफ्टवेअरवाले लाइव्ह जायच्या आधी ड्राय रन करतो, तसा हा प्रकार एकदा रिकाम्या डब्यावर करून बघा.

तिच्यासोबत चार-पाच पिल्लं गेली? जाऊ द्या. एक-दोन दिवसांत ती उतरतील, तेव्हा तिला पुन्हा हलवा.

टबात निसटलेल्या पिल्लासाठी ब्रश त्याच्या पुढ्यात टेकवा, ते वर चढतं. ब्रश उचलला की बऱ्याचदा ते धाग्याला लोंबकळतं. हे सगळ्यात सोयीचं, धाग्यानेच उचलून डब्यात उतरवा. बोटांनी किंवा चिमट्याने अजिबात नाही. फ्रीजमध्ये ठेवून मंद करण्याचा सल्लाही मिळेल. मी तो देणार नाही, इतक्या छोट्या जिवाला थंडी कधी जास्त झाली ते आपल्याला कळतही नाही.

मादी चावली तर दुखतं, सूज येऊ शकते, सहसा त्यापलीकडे जात नाही. त्रास वाढला तर डॉक्टरकडे जा. आणि हे सगळं टारांटुलावर करून बघू नका. आपल्याकडच्या झाडांवरच्या पोइसिलोथेरिया टारांटुला वेगवान असतात, त्यांचं विष तीव्र असतं, आणि 2019 पासून त्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत आहेत. त्यांना जंगलातून आणायचंच नाही.

शेवटी, पिल्लांचं काय करायचं? निरीक्षणासाठी दोन-तीन ठेवायची असतील तर प्रत्येकाला वेगळी छोटी बाटली द्या. खायला केळ्याच्या सालीवर येणारी चिलटं चालतात. बाकीची संध्याकाळी, आई जिथे सापडली तिथेच, पालापाचोळ्यात डबा आडवा ठेवून सोडा आणि बाजूला व्हा. त्यातली बरीच जगणार नाहीत. निसर्गातही जगत नाहीत. पण ती आपल्या झाकणाखाली चिरडून मरू नयेत, एवढं आपल्या हातात आहे. आईलाही तिथेच सोडा. अनेक जातींत ती पुन्हा नर न भेटताही दुसरी पिशवी तयार करते.

तोपर्यंत पंखा बंदच ठेवा. भेटू पुढच्या भागात!