सांधा मोकळा राहू द्या

लिनक्स म्हणजे काय, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे या सभागृहाला ठाऊक आहे असं धरून मी थेट मुद्द्यावर येतो. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर आणि पट्ट्या, मेनू, फायली, सेटिंग असा सगळा संसार मांडणारं डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट, या दोघांमधला सांधा मोकळा राहिला पाहिजे. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

हे सांगायला सोलापूरसारखं गाव नाही. तुमची चादर जॅकार्डच्या मागावर विणली जाते. माग विणतो, पण नक्षी ठरवतं वर बसवलेलं जॅकार्ड. कार्डं बदलली की मोराच्या जागी फूल येतं, माग तोच राहतो. जॅकार्डचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबतो. फ्रान्समधल्या लियोंच्या जॅकार्ड नावाच्या विणकरानं 1804च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. भोकं पाडलेल्या कार्डांची ती कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली. म्हणजे संगणकाच्या पूर्वजांत विणकर आहे, आणि विणकरांच्या या शहरानं संगणकाला परका मानण्याचं काहीच कारण नाही. (टाळ्या) 1984 साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीनं माग आणि नक्षी यांच्यातली हीच विभागणी स्वीकारली. चित्र उमटवणं आणि माऊस-कीबोर्डच्या हालचाली कळवणं हे तिचं काम. खिडकी कुठे उघडावी, कोणती वर यावी, हे ठरवायला वेगळा प्रोग्रॅम, म्हणजेच विंडो मॅनेजर. काम चालू असताना तो बदलला तरी उघडी कागदपत्रं बंद होत नाहीत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा मधली वर्षं भरभर ओलांडतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा तोंडवळा निराळा, ही तक्रार घेऊन मथियास एट्रिखनं 1996 साली केडीई हे एन्व्हायर्न्मेंट जाहीर केलं. पुढच्या वर्षी ग्नोम हे दुसरं सुरू झालं. ग्नोमकडे आरंभी स्वतःचा विंडो मॅनेजरच नव्हता. आधी एन्लाइटनमेंट, मग सॉफिश, मग मेटासिटी असे ते बदलत गेले, आणि तरी ग्नोम ग्नोमच राहिलं. 2011च्या ग्नोम 3मध्ये मात्र पट्ट्या-मेनू दाखवणारं शेल आणि मटर हा विंडो मॅनेजर एकजीव झाले. ज्या जुन्या संगणकांना ते जड जाई, त्यांच्यासाठी ठेवलेली साधी सोय 2013च्या 3.8 आवृत्तीत काढून टाकली गेली. सुटा भाग बदलता येईना, म्हणून नाराजांनी अख्खी घरंच वेगळी बांधली: मेट आणि सिनॅमन. आपल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ या लिनक्सनंही आधी ग्नोम आणि पुढे सिनॅमन घेतलं. या वेगवेगळ्या घरांची किंमत भाषेला मोजावी लागते. विंडो मॅनेजरला शब्द थोडेच लागतात. ‘बंद करा’, ‘मोठी करा’ एवढ्यावर भागतं. एन्व्हायर्न्मेंटला हजारो वाक्यं लागतात. जुना अनुवाद नव्या घरात नेता येतो, पण त्यानंतरचं प्रत्येक नवं वाक्य घरागणिक पुन्हा मराठीत आणावं लागतं, आणि ते करणारे हात मोजकेच आहेत.

एका चिठ्ठीत विचारलंय, “वेलँड आल्यावर हा वाद उरतोच कुठे?” आक्षेप वजनदार आहे. एक्समध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा चोरून ऐकता येतात. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडनं ही वाट बंद केली, आणि पडदा चालवणारा व खिडक्या लावणारा असे दोघे ‘कंपोझिटर’ नावाच्या एका प्रोग्रॅममध्ये आणले. हे मला मान्य आहे. पण त्यात एन्व्हायर्न्मेंटही कायमचं जखडलंच पाहिजे, असं कुठे आहे? नोव्हेंबर 2024मध्ये आलेल्या एलएक्सक्यूटी 2.1 या एन्व्हायर्न्मेंटनं वेलँडवरही अनेक कंपोझिटरांतून निवड खुली ठेवली. रास्पबेरी पायच्या प्रणालीनं 2021 ते 2024 या काळात ओपनबॉक्सवरून मटर, मग वेफायर, मग लॅबडब्ल्यूसी असे टप्पे घेतले, आणि वापरणाऱ्यासमोरचं डेस्कटॉपचं रूप बहुतांशी तेच ठेवलं. “सामान्य माणूस हे बदलतो कुठे?” असंही कुणी म्हणेल. चादर पांघरणारा तरी कार्डं कुठे बदलतो? पण ती बदलता येतात, म्हणूनच त्याला हवी ती नक्षी मिळते.

वेळ संपली. शाळेसाठी, ग्रंथालयासाठी, कार्यालयासाठी लिनक्स निवडताना दिसण्यावर जाऊ नका. खिडक्या सांभाळणारा भाग सुटा काढून दुसरा बसवता येतो का, एवढं आधी विचारा. येत असेल, तर जुनी यंत्रं आणखी काही वर्षं चालतील, आणि मराठीत एकदा केलेलं काम पुन्हा करावं लागणार नाही.