सरासरीच्या बाहेरची हवा



प्रदूषण आणि आरोग्य या विषयाला वाहिलेली परिषद कळमन्यात भरते, याला अर्थ आहे. नागपूरच्या पूर्वेकडील ही वस्ती शहराला धान्य, मिरची, संत्री आणि भाजीपाला पुरवणाऱ्या बाजार आवारामुळे ओळखली जाते, आणि तेथे रोज उतरणाऱ्या मालाबरोबर जी धूळ, जो धूर आणि जो कचरा येतो तो मात्र माल पुढे गेल्यावरही तेथेच राहतो. शहराच्या सोयीचा भार कोणाच्या छातीवर, त्वचेवर आणि पाण्यावर पडतो, तो कोणाला विचारून टाकला जातो आणि त्याची भरपाई कोण करते, या तीन प्रश्नांचा एकत्र विचार म्हणजे पर्यावरणीय न्याय. या भाराच्या विषम वाटणीमुळे दोन वस्त्यांतील माणसांच्या आजारपणात आणि आयुर्मानात जी टाळता येण्याजोगी तफावत पडते, तिला आरोग्यविषमता म्हणतात. ‘टाळता येण्याजोगी’ हा शब्द या व्याख्येचा कणा आहे, कारण तो काढला की उरते ते केवळ नशीब.

या विचाराचा उगम पाठ्यपुस्तके बहुधा अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील वॉरेन परगण्यात शोधतात, जेथे कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध 1982 साली आंदोलन झाले. परंतु मराठी मुलखाला या प्रश्नाची ओळख त्याच्या पंचावन्न वर्षे आधीच झाली होती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तो माणुसकीच्या हक्काचा होताच, आणि निसर्गाच्या सामाईक देण्यावर कोणाचा अधिकार चालतो या प्रश्नाचाही होता. हमालांची संघटना बांधणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनी पुढे 1970च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभारली, हा योगायोग मानता येत नाही, कारण पाठीवरचे ओझे आणि पाणवठ्यावरची बंदी ही एकाच समाजरचनेची दोन रूपे होती. तेव्हा लढा चांगल्या पाण्यापर्यंत पोहोचण्याचा होता, तर आज त्याच्या जोडीला वाईट हवा आणि वाईट पाणी कोणाच्या दारी सोडले जाते याचाही लढा उभा आहे, आणि दोन्ही लढ्यांतली माणसे पुष्कळ अंशी तीच आहेत.

या भाषणाचे मुख्य प्रतिपादन असे की, प्रदूषण शहराच्या सरासरीत मोजले जाते आणि पत्त्यानुसार भोगले जाते. हवेतील सूक्ष्म धूलिकणांपैकी अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक कण, नाकात वा घशात अडकत नाहीत, ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतील काही रक्तातही शिरतात. 2009च्या राष्ट्रीय मानकांनुसार या कणांचे वार्षिक प्रमाण एका घनमीटरमध्ये 40 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली आपली शिफारस 5 वर आणली. आकड्यांतील या अंतरावर बरीच चर्चा होते, पण आकडा कोठे मोजला हा त्याआधीचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नागपुरातील हवा सतत मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्रांची जी नावे परिचित आहेत ती सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी आणि महाल अशी आहेत. त्यांत कळमना नाही. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश झाला, मात्र शहराची हवा सुधारली की बिघडली हे ठरवणाऱ्या सरासरीत बाजार आवाराच्या ओट्यावरचा श्वास धरलाच जात नसेल, तर त्या सरासरीला नागपूरची सरासरी म्हणणे कठीण आहे.

त्या ओट्यावर काय घडते हे जवळून पाहणे आवश्यक आहे. हिवाळ्यात भिवापूर आणि आसपासच्या भागांतून लाल मिरची येऊ लागली की पोती फुटतात, ढीग लागतात, लिलाव होतात, आणि प्रत्येक वेळी पोते उचलताना, आपटताना, ओतताना बारीक लाल भुकटी उडते. विदर्भात ज्या जागेला मिरचीचा सातरा म्हणतात, तेथे बहुतेक बायाच दिवसभर उकिडव्या बसून मिरचीचे देठ खुडतात. तोंडावर पदर किंवा ओढणी गुंडाळलेली असते, बोटांची आग रात्री पीठ मळतानाही जात नाही आणि मजुरी किलोवर मिळत असल्याने खोकल्यासाठी थांबणेही परवडत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य श्वासनलिकेतील मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते, त्यामुळे ठसका लागतो. पदराचे कापड मोठी धूळ अडवते, बारीक भुकटी अडवत नाही. धान्याच्या शेडमध्ये उडणाऱ्या कोंड्यात आणि बुरशीत दम्याची व जुनाट खोकल्याची बीजे असतात, आणि पोत्यांची चढउतार चालू असताना खाली उभा असलेला हमाल ती सारी छातीत घेतो.

नागपूरला या आजारांची ओळख नवी नाही. 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यापासून या शहराने कापसाची धूळ श्वासात घेतलेली आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ठळक लक्षण. कारखाने अधिनियम, 1948 च्या परिशिष्टात बिसिनोसिसला अधिसूचित व्यवसायजन्य रोगाचे स्थान मिळाले, म्हणजे डॉक्टरला तो आढळल्यास सरकारला कळवणे बंधनकारक झाले. गिरणीला भिंत होती, हजेरीपट होता, संघटना होती, म्हणून गिरणीच्या खोकल्याला कायद्यात नाव मिळाले. बाजारातील हमालाला 1969च्या माथाडी कायद्याने काही संरक्षण दिले, हे महाराष्ट्राचे भूषणच आहे. परंतु देठ खुडणारी बाई बहुधा कोणत्याच पटावर नसते आणि तिच्या ठसक्याला कायद्यात नाव नाही.

हवेप्रमाणेच पाण्याचा मार्गही तपासून पाहावा. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडून, अंबाझरीच्या बाजूने वाहत येते आणि शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेकडे जाते. पिवळी नदीही पूर्वेकडेच येऊन तिला मिळते. शहराचा कचराही पूर्वेलाच, भांडेवाडीला जातो. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते आणि उन्हाळ्यात त्या डोंगराला लागणाऱ्या आगींचा धूर आजूबाजूच्या वस्त्यांत शिरतो. त्याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. नदीतले स्वच्छ पाणी वाचवणारी ही योजना खरोखर स्तुत्य आहे. मात्र कोळसा जळाल्यावर उरणारी राख कोराडी आणि खापरखेड्याच्या परिसरातील गावांजवळच साठवली जाते. जुलै 2022 मध्ये खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला, राखेचा चिखल शेतांतून नद्यांपर्यंत पोहोचला आणि कन्हान नदीला त्याची झळ लागली. शहराचा उत्तर व पूर्व भाग याच कन्हानच्या पाण्यावर अवलंबून आहे, म्हणजे फुटलेल्या बांधाची वाट पुन्हा पूर्वेच्या नळापर्यंतच आली.

एकच धूळ दोन माणसांना सारखी बाधत नाही, हे आरोग्यविषमतेचे दुसरे अंग आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, आणि श्वसनाचा संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा अतिश्रम यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. हा विकार अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागास समाजांत अधिक दिसतो, आणि त्याच समाजांतील माणसे उन्हाच्या कडाक्यात, धुळीत, कमी पाणी पिऊन ओझी वाहतात. त्यात चुलीचा धूर, रक्तक्षय आणि क्षयरोगाची भर पडते. बुडालेली मजुरी आणि त्यापायी अर्ध्यावर सोडलेले औषध हेही याच हिशेबात धरले पाहिजे.

कोणी असे म्हणेल की, या धुळीकडे बोट दाखवले तर बाजार बंद पडेल आणि पोटावर पाय येईल. ही भीती खरी आहे आणि ती हमालांच्या तोंडून येते तेव्हा तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु धूळ शोषणारे पंखे, जेथे चालतो तेथे पाण्याचा हलका फवारा, योग्य प्रतीच्या मुखपट्ट्या, ओलसर कापडाने झाकलेले ढीग आणि हात धुण्याची सोय यांपैकी एकाही गोष्टीने लिलाव थांबत नाही. कामगाराला रोजगार आणि फुप्फुस यांतून एकाची निवड करायला लावणे, हाच मुळात अन्याय आहे.

महाराष्ट्रातील माहुलचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखाने व रसायन साठवणुकीच्या टाक्या यांच्यालगतच्या या वस्तीत प्रकल्पग्रस्तांना राहायला पाठवले गेले. रहिवाशांच्या तक्रारींना वर्षानुवर्षे वासाची कुरकुर मानले गेले, परंतु के.ई.एम. रुग्णालयाने वस्तीत जाऊन श्वसनाच्या तक्रारींची पाहणी केल्यावर त्या कुरकुरीला पुराव्याचे वजन आले, आणि ऑगस्ट 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई आकारली. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी हे तत्त्व कायद्यात आधीच होते, आणि प्रदूषणमुक्त हवा-पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सुभाषकुमार खटल्यात सांगितले होते. उणीव मोजमापाची होती.

म्हणूनच या परिषदेने मागण्यांची लांबलचक यादी करण्यापेक्षा दोन गोष्टींचा आग्रह धरावा. कळमन्याच्या आवारात, रस्त्याकडेला नव्हे तर शेडच्या आत, हवा मोजणारे यंत्र बसावे आणि त्याचे आकडे आवाराच्या प्रवेशद्वारावर मराठीत व हिंदीत लावले जावेत. तसेच परिसरातील प्रत्येक सरकारी व महापालिका दवाखान्याच्या नोंदवहीत नाव आणि वयाशेजारी वस्ती व काम हे दोन रकाने यावेत, ज्यांत ‘मजूर’ असा ढोबळ शब्द न लिहिता हमाल, मापारी, देठ खुडणारी, कचरा वेचणारी असे लिहिले जाईल. 1958 पासून नागपुरात असलेली नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि शहरातील वैद्यकीय महाविद्यालये यांना हे काम परके नाही. मिरचीची नवी आवक थंडीत सुरू होते. पहिली मोजणी त्याआधीच्या रिकाम्या महिन्यांत व्हावी, म्हणजे जानेवारीतला आकडा समोर आल्यावर तो कशाशी ताडून पाहायचा, हे सातऱ्यावर बसलेल्या बाईलाही ठाऊक असेल.