हिवाळ्यातले बिऱ्हाड आणि कुंडीतली झाडे



ज्या भोगवर्धनातील दात्यांची नावे सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहेत, त्या नगरीच्या जागी वसलेल्या भोकरदनात गावोगाव फिरणे हा विषय कोणाला नवा वाटू नये; परंतु माणसाचे बिऱ्हाड हलले की त्याच्या ओसरीवरच्या कुंड्यांचे काय करावयाचे, याचा विचार सामानाची शेवटची गोणी टेम्पोत चढेपर्यंत बहुधा कोणी करीत नाही. बदल्यांचे हुकूम उन्हाळ्यात निघावेत असा सरकारी रिवाज आहे खरा. तथापि बढती, घरमालकाची निकड किंवा वास्तुशांतीचा मुहूर्त कुंड्यांची सोय पाहून येत नाही, आणि मग ऐन माघात कढीपत्ता, अनंत, लिंबू, क्रोटन यांना प्रवास घडतो.

पांढरा चाफा हिवाळ्यात पाने टाकून उघडा होतो. त्याला कोठेही न्यावे, त्याची फारशी तक्रार नसते. सदाहरित झाडाची गोष्ट निराळी. त्याची पाने थंडीतही बाष्प सोडीत राहतात, आणि चहूबाजूंनी उघड्या कुंडीतली माती रात्रभर गार पडल्यामुळे मुळांचे पाणी ओढणे मात्र मंदावते. त्यात मराठवाड्याची हिवाळी हवा मुळातच कोरडी, आणि धावत्या टेम्पोतला वारा तिच्याहून निर्दय. तेव्हा माती ओली असूनही झाड तहानेने सुकते आणि आपण दोष थंडीला देतो. क्रोटन, मनीप्लांट यांसारखी उष्ण प्रदेशातील झाडे तेवढी याला अपवाद, कारण पारा १० अंशांच्या खाली गेला की त्यांच्या पानांना खरोखरच इजा होते; म्हणून पहाटे निघण्याचा हट्ट सोडून ऊन वर आल्यावर निघावे.

लंडनचे वैद्य नथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये बंद बाटलीत नेचा उगवलेला पाहिला, त्यावरून काचेची पेटी बनविली, आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोचविली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चिनी चहाची रोपे हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून. पानांतून निघालेले बाष्प काचेवर जमून पुन्हा मातीत उतरावे आणि खारा वारा झाडाला लागू नये, एवढेच त्या पेटीचे मर्म होते. आपल्याला तेवढा खटाटोप नको. जुने सुती लुगडे पुरते.

आता खरी अडचण सांगतो, ती मातीची. आपल्याकडे कुंडी भरावयाची म्हणजे शेतातली काळी माती आणून ओतायची, हा प्रघात. ही माती वाळली की आक्रसते. गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो, बोट शिरेल एवढी फट पडते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने वाहून जाते. बाहेर ओल दिसते आणि आत ढेकूळ कोरडे ठणठणीत! अशी कुंडी गाडीत हिंदकळली की सुटा गोळा हलतो व बारीक मुळे तुटतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी फटीत चाळलेली माती ठासावी, कोमट पाणी थोडेथोडे करून मुरवावे, आणि रात्रभर निथळू द्यावे. मातीवर ओले गोणपाट पसरून कुंडीच्या गळ्याशी सुतळीने आवळावे; लुगडे बुंध्यापासून वर गुंडाळीत न्यावे, म्हणजे फांद्या आपोआप वर मिटतात. कुंड्या गाद्यांच्या वळकट्यांमध्ये, केबिनला टेकवून ठेवाव्यात. प्लास्टिकची पिशवी मात्र बांधू नये, कारण दुपारच्या उन्हात आतले पान उकडून निघते.

नव्या घरी पोचल्यावर पाहुण्याला आग्रहाने वाढावे तसे पाणी घालण्याचा मोह होतो, आणि प्रवासातून वाचलेली झाडे मुळे कुजून इथेच दगावतात. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागेल तेव्हाच, आणि तेही सकाळी, पाणी द्यावे. खत मुळीच नको. कढीपत्ता पिवळा पडून पाने गाळील, त्याने घाबरू नये. नखाने साल किंचित खरवडावी, खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. कुंडी बदलणे नवे धुमारे फुटेपर्यंत तहकूब ठेवावे. तुळस या दिवसांत काष्ठवत झालेलीच असते. तिच्या मंजिऱ्यांची पुडी बांधून घेतली की पावसाळ्यात पेरता येते.

राहता राहिले ड्रममधले जुने लिंबू. चार माणसांना न उचलणारे ते धूड गाडीत चढविण्याच्या भानगडीत पडू नये. ते शेजाऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि लोणच्यातला आपला हिस्सा मात्र चार पंचांसमक्ष ठरवून घ्यावा.