जुनं वाफेचं इंजिन घेऊ का?

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या एका मित्राची व्हॉइस नोट आलीय. "दादा, बागेतल्या रुळांवर चालणारं वाफेचं मॉडेल सेकंड-हँड मिळतंय. फोटोत एकदम नवं दिसतं. घेऊ का?"

थांब जरा. आधी बाकीच्यांसाठी सांगतो. हे इंजिन मोटरवर चालत नाही. आत तांब्याचा बॉयलर, त्याला ब्युटेन गॅसची आच, आणि पिस्टन ढकलते ती खरीखुरी वाफ. तिकडे एक माप फार चालतं: खऱ्या एका फुटाला मॉडेलचे 16 मिलिमीटर. म्हणजे दोन फुटी रुळांचे होतात 32 मिलिमीटर. आपली माथेरानची राणी 1907 पासून दोन फुटी रुळांवरच धावतेय, तीही या मापात चपखल बसते.

आता गंमत बघा. इंजिन 19 पट लहान झालं, पण वाफ काही लहान होत नाही! अशा बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बऱ्याचदा 40 पीएसआयच्या आसपास उघडतो. गाडीच्या टायरपेक्षा जास्त प्रेशर, आणि आतलं पाणी 140 अंशांच्या घरात. बघायला खेळणं, पण आतला मामला खरा.

म्हणून मित्रा, रंगावर जाऊ नकोस. पहिला प्रश्न विचार, बॉयलरची पाण्याची टेस्ट झालीय का, कागद आहे का? या टेस्टमध्ये बॉयलर थंड पाण्याने गच्च भरून नेहमीपेक्षा जास्त प्रेशर देतात. पाणी जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा कच्चा असेल तर नुसतं पाणी झिरपतं, स्फोट होत नाही.

दुसरा प्रश्न, बॉयलर कधी कोरडा तापलाय का? चांगल्या मॉडेलमध्ये पाण्याआधी गॅस संपेल अशीच टाकी ठेवलेली असते. पण काही जण गडबडीत फक्त गॅस भरतात आणि परत पेटवतात. घात होतो तो इथे! सांधे कमजोर होतात आणि वरून रंग मात्र चकाचक.

विकणारा या दोन्हींवर गोलगोल बोलला, तर सरळ नाही म्हण. टेस्ट करून देतो म्हणाला, तर घासाघीस कर आणि घे.

आणि घेतलंसच, तर ल्युब्रिकेटर उघडून बघ. माझा सगळ्यात लाडका भाग! वाफ आत येते, थंड होऊन तिचं पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि वर उचललेलं तेल थोडं थोडं वाफेबरोबर सिलिंडरकडे जातं. ना पंप, ना बटण! प्रत्येक फेरीआधी तळातलं पाणी काढायचं, स्टीम ऑइल भरायचं. नळाचं पाणी नको, क्षार साचतात.

सुरुवातीला सिलिंडर गार असतात, त्यामुळे धुराड्यातून गरम पाणी उडतं. तेव्हा रील काढायची असली तरी तोंड आणि मोबाइल दोन्ही लांब ठेव. पहिल्या फेरीचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठव, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.